तालात दिसणारा थकवा: स्पर्धक नर्तकांच्या मेंदूवर होणारा अतिसरावाचा परिणाम कसा ओळखावा आणि कसा आवरावा

स्पर्धेची तयारी करणाऱ्या नर्तकाचा अतिसराव बहुतेक वेळा पायांत दिसण्याआधी तालात दिसतो. पोटऱ्या ठणकत नसतात, उडीची उंचीही फारशी घटलेली नसते; पण गिरकी संपवून समोर येताना अर्ध्या ठोक्याचा उशीर होतो, रचनेच्या उत्तरार्धात डोळे नकळत जोडीदाराकडे वळून पुढची हालचाल शोधू लागतात, आणि कालपर्यंत सहज ऐकून घेतलेली दुरुस्ती आज जिव्हारी लागते. अशा वेळी नर्तक आणि प्रशिक्षक दोघेही एकच निष्कर्ष काढतात की सराव कमी पडतो आहे. मग तास वाढवले जातात आणि ज्यामुळे बिघाड झाला तेच औषध म्हणून दिले जाते. हा गैरसमज वेळीच कसा ओळखावा, त्यासाठी रोज काय नोंदवावे आणि नोंदी बिघडल्या तर नेमके काय करावे, हे येथे नर्तक, प्रशिक्षक आणि पालक या तिघांसाठी मांडले आहे.

थकव्याचे टप्पे

कठीण सरावानंतर येणारा थकवा हा आजार नव्हे. नेहमीपेक्षा जास्त भार पडला की काही दिवस कामगिरी घसरते आणि पुरेशी विश्रांती मिळाली की ती पूर्वीपेक्षा वर जाते; सगळ्या प्रशिक्षणाचा पायाच हा आहे. युरोपियन कॉलेज ऑफ स्पोर्ट सायन्स आणि अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या संयुक्त निवेदनात भाराच्या अतिरेकाचे तीन टप्पे मानले आहेत. पहिल्या टप्प्यातून शरीर काही दिवसांत किंवा फार तर काही आठवड्यांत सावरते आणि कामगिरी सुधारते. दुसऱ्यात सावरायला काही आठवडे ते काही महिने लागतात आणि पदरात काहीच पडत नाही. तिसरा टप्पा म्हणजे खरा अतिसराव; त्यात कामगिरीची घसरण महिनोन्‌महिने टिकते आणि तिच्या जोडीला मनःस्थिती, झोप व संप्रेरके (हार्मोन्स) यांचा दीर्घकाळचा बिघाड असतो.

यातली अडचण अशी आहे की हे टप्पे मुख्यतः सावरायला लागलेल्या वेळावरून वेगळे ओळखले जातात, म्हणजे आपण कोणत्या टप्प्यात होतो हे बरे झाल्यावरच नीट कळते. रक्ताची किंवा मेंदूची अशी एकही चाचणी नाही, जी आज करून उद्या अतिसरावाचे निदान देईल. म्हणून पहिल्या टप्प्यातच थांबता येईल अशी व्यवस्था लावणे, हेच व्यवहारात हाती राहते.

मेंदू आणि मज्जासंस्थेत काय घडते

थकलेल्या स्नायूंना विजेचा सौम्य धक्का देऊन आकुंचित केले, तर माणूस स्वतःच्या प्रयत्नाने लावू शकत नाही तेवढा जोर ते स्नायू अजूनही लावू शकतात, असे प्रयोगशाळेत दिसते. याचा अर्थ थकव्याचा एक भाग स्नायूंत नसून मेंदूकडून मज्जारज्जूमार्गे खाली येणाऱ्या आदेशात असतो; तो आदेशच क्षीण झालेला असतो. या मध्यवर्ती थकव्याचे खापर एके काळी मेंदूतील सेरोटोनिन या रासायनिक संदेशवाहकावर फोडले जाई. आज चित्र तितके सरळ राहिलेले नाही, डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन यांचाही त्यात विचार करावा लागतो, आणि व्यायामशाळांमध्ये ज्या सहजतेने ‘मज्जासंस्था जळाली’ असे म्हटले जाते त्याला फारसा आधार नाही. मज्जासंस्था जळत नाही. ती आपला कारभार बदलते.

हा बदल निर्णयक्षमतेतही होतो, आणि माझ्या मते नर्तकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. पॅरिसमधील संशोधकांनी ३७ सहनशक्तीच्या खेळाडूंवर केलेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. खेळाडूंच्या एका गटाचा सराव तीन आठवडे सरासरी ४० टक्क्यांनी वाढवला गेला. मेंदूचे चित्रण करताना त्यांना आत्ता मिळणारी लहान रक्कम किंवा नंतर मिळणारी मोठी रक्कम यांतून निवड करायला सांगितली, तेव्हा जास्त सराव झालेल्या गटात मेंदूच्या पुढच्या भागातील, संयमाशी निगडित असलेल्या क्षेत्राची सक्रियता कमी झालेली दिसली आणि त्यांचा कल लगेच मिळणाऱ्या मोबदल्याकडे झुकला. हे खेळाडू नर्तक नव्हते. अतिसरावावरील बहुतेक संशोधन सायकलपटू, धावपटू, जलतरणपटू आणि ट्रायथलॉनपटू यांच्यावरच झाले आहे. तरीही नर्तकाच्या बाबतीत हा निष्कर्ष गांभीर्याने घ्यायला हवा, कारण त्याला शारीरिक भाराबरोबर रचना पाठ ठेवणे, संगीत ऐकणे, जोडीदाराचा अंदाज घेणे आणि परीक्षकांसमोर चेहरा सांभाळणे हे कामही त्याच मेंदूकडून करून घ्यायचे असते. दूरचा लाभ पाहून आज थांबण्याची क्षमता ज्या भागात आहे, तोच भाग अतिसरावाने मंदावतो. त्यामुळे ‘आज थांबू की नको’ हा प्रश्न थकलेल्या नर्तकाला त्या क्षणी विचारण्यात अर्थ नसतो.

स्वायत्त मज्जासंस्थेतील, म्हणजे नाडीसारखी कामे आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेतील, बिघाड दोन रूपांत दिसतो. एका रूपात शरीर कायम सज्ज असल्यासारखे वागते: सकाळची नाडी जलद, झोप तुटक, भूक कमी आणि अस्वस्थता जास्त. दुसऱ्या रूपात, जे बहुधा दीर्घकाळच्या भारानंतर येते, नाडी उलट मंद असते, पूर्ण जोर लावूनही ती वर चढत नाही आणि मन निरुत्साही होते. दुसऱ्या रूपातील नर्तक वरवर शांत आणि तंदुरुस्त वाटतो, म्हणून तो नजरेतून निसटतो.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीच्या प्रतिसादाचाही येथे संबंध आहे. अतिसराव झालेल्या खेळाडूंकडून काही तासांच्या अंतराने एकाच दिवशी दोनदा कमाल व्यायाम करून घेतला, तर दुसऱ्या खेपेला या ग्रंथीतून ताणाला तोंड देणारी संप्रेरके अपेक्षेपेक्षा कमी स्रवतात असे आढळले आहे. ही चाचणी घरी करण्याजोगी नाही; पण ज्या स्पर्धांत प्राथमिक, उपांत्य आणि अंतिम फेरी एकाच दिवशी होते, तेथे ‘पहिली फेरी उत्तम, शेवटची निष्प्राण’ असा अनुभव वारंवार येत असेल तर केवळ दम वाढवण्याच्या मागे न लागता या शक्यतेचाही विचार करावा.

तोलाचे गणित लहान मेंदू, आतील कानातील संतुलनयंत्रणा, डोळे आणि सांध्यांतून येणाऱ्या संवेदना मिळून सोडवतात. थकव्यात सांध्यांची स्थिती ओळखण्यातील अचूकता घटते, आणि घोट्याचे स्नायू सावरायला जो क्षण मिळतो तो आखूड होतो. लचक बहुधा याच वेळी भरते, आणि तिची नोंद मात्र ‘पाय चुकीचा पडला’ एवढीच होते.

रोज काय नोंदवावे

साधनांच्या खर्चात पडण्याची गरज नाही. उठल्यावर अंथरुणातच, चहा-कॉफी घेण्यापूर्वी आणि मोबाइल उघडण्यापूर्वी एक मिनिट नाडी मोजावी. त्यानंतर झोपेची प्रत, थकवा, मानसिक ताण आणि अंगदुखी यांना १ ते ७ या मापात गुण द्यावेत; १ म्हणजे फार चांगले आणि ७ म्हणजे फार वाईट. ही चार प्रश्नांची पद्धत क्रीडाक्षेत्रात १९९०च्या दशकापासून वापरात आहे आणि तिला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागत नाही. मनाची अवस्था हा यातील कच्चा दुवा समजू नये. भार वाढत असताना खेळाडूंची मनःस्थिती आणि त्यांनी स्वतः दिलेले गुण हे अनेक शारीरिक मोजमापांपेक्षा लवकर आणि अधिक भरवशाने बदलतात.

मज्जासंस्थेची प्रत्यक्ष चाचणी म्हणून पट्टी पकडण्याचा खेळ उपयोगी पडतो. दुसऱ्या माणसाने ३० सेंटीमीटरची पट्टी उभी धरावी, नर्तकाने शून्याच्या खुणेशी अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवावी, आणि पूर्वसूचना न देता पट्टी सोडली की ती पकडावी. पट्टी १५ सेंटीमीटरवर पकडली तर सुमारे ०.१७ सेकंद गेला, २० सेंटीमीटरवर पकडली तर सुमारे ०.२० सेकंद. पहिला प्रयत्न सोडून द्यावा आणि पुढील पाचांची सरासरी लिहावी. दुसरी चाचणी म्हणजे अनवाणी, एका पायावर, डोळे मिटून उभे राहणे. भिंत हाताशी असावी आणि दोन्ही पायांचे सेकंद वेगवेगळे लिहावेत. या दोन्ही चाचण्या आठवड्यातून दोनदा, ठरावीक वेळी, सरावापूर्वी कराव्यात. त्यांची तुलना फक्त स्वतःच्या मागील आकड्यांशी करायची असते, कारण दोन नर्तकांमधील नैसर्गिक फरक थकव्याने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो.

घड्याळ किंवा छातीपट्ट्याने हृदयाच्या ठोक्यांमधील अंतराची बदलशीलता मोजता येत असेल तर ती जरूर पाहावी, पण एका सकाळचा आकडा पाहून सराव रद्द करू नये. आदल्या रात्रीचे जेवण, मद्य, मासिक पाळीचा काळ, सर्दीची सुरुवात यांपैकी कशानेही तो हलतो. साप्ताहिक सरासरीचा कल तेवढा अर्थपूर्ण असतो.

प्रशिक्षकाने आपल्या बाजूने एक स्वतंत्र नोंद ठेवावी: पाठ असलेल्या भागात झालेल्या चुका. नव्या रचनेत होणाऱ्या चुका हा शिकण्याचा भाग आहे. दोन आठवड्यांपूर्वी पक्का बसलेला भाग सुटू लागणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला ‘लक्ष नाही’ असे म्हणून झटकून टाकू नये.

भाराचा हिशेब

सराव संपल्यावर अर्ध्या तासाने नर्तकाने तो किती कठीण वाटला याला ० ते १० पैकी गुण द्यावेत आणि त्या गुणांना मिनिटांनी गुणावे. ही पद्धत कार्ल फॉस्टर या व्यायामशास्त्रज्ञांनी रूढ केली आणि तिच्यातील खरा उपयोगाचा भाग पुढे आहे. समजा एका नर्तिकेचा सराव आठवड्याचे सहा दिवस ९० मिनिटे, काठिण्य ६ असा आहे, म्हणजे रोजचे ५४० गुण. सातव्या दिवशी ६० मिनिटे, काठिण्य ५, म्हणजे ३०० गुण. आठवड्याची बेरीज ३५४० होते. दुसरी नर्तिका दोन दिवस १२० मिनिटे काठिण्य ८ ने, एक दिवस १२० मिनिटे काठिण्य ७ ने, एक दिवस १०० मिनिटे काठिण्य ६ ने आणि एक दिवस ६० मिनिटे अगदी हलका, काठिण्य ३ ने सराव करते, तर दोन दिवस पूर्ण सुट्टी घेते. तिचीही बेरीज ३५४० च येते.

आता रोजच्या सरासरीला त्या सात आकड्यांच्या प्रमाण विचलनाने, म्हणजे ते सरासरीपासून किती दूर पसरले आहेत याच्या मापाने, भागावे. स्प्रेडशीटमध्ये हे काम दोन सूत्रांत होते. या भागाकाराला एकसुरीपणाचा निर्देशांक म्हणता येईल. पहिल्या नर्तिकेचा निर्देशांक साडेपाचच्या पुढे जातो, दुसरीचा सव्वाच्या आसपास राहतो. साप्ताहिक बेरजेला या निर्देशांकाने गुणले की शरीरावरील ताणाचा अंदाज मिळतो, आणि तो पहिलीच्या बाबतीत दुसरीच्या जवळपास पाचपट निघतो. कष्ट सारखेच असूनही पहिलीला खऱ्या अर्थाने कठीण दिवसही मिळत नाही आणि उसंतही मिळत नाही. निर्देशांक २ च्या वर जाऊ लागला की सावध व्हावे. रोज थोडा थोडा सराव ही शिस्त म्हणून कितीही शोभली तरी स्पर्धेच्या तयारीत ती महाग पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्ग, पूरक व्यायाम, खासगी तास आणि घरची तालीम हे सगळे एकाच हिशेबात धरावे; अनेक नर्तकांच्या बाबतीत हे चार भार चार वेगवेगळी माणसे ठरवत असतात आणि बेरीज कोणीच करत नाही.

थांबण्याचा नियम आधीच लिहावा

थकलेला मेंदू थांबण्याचा निर्णय नीट घेऊ शकत नाही, म्हणून तो निर्णय हंगामाच्या सुरुवातीला, ताजेतवाने असताना कागदावर लिहून ठेवावा. मी सुचवीन तो नियम असा: सकाळची नाडी नेहमीच्या सरासरीपेक्षा पाच किंवा अधिक ठोक्यांनी वर किंवा खाली, चार प्रश्नांच्या गुणांची बेरीज नेहमीपेक्षा स्पष्टपणे वाईट, आणि पट्टी किंवा तोलाच्या चाचणीत घसरण, या तिन्हींपैकी दोन गोष्टी तीन दिवस टिकल्या तर पुढील तीन दिवसांचा सराव निम्म्यावर आणावा, त्यानंतरही सुधारणा नसेल तर दोन दिवस पूर्ण थांबावे, आणि दोन आठवड्यांत नोंदी पूर्वपदावर आल्या नाहीत तर क्रीडावैद्यकातील डॉक्टरांना दाखवावे. हे आकडे प्रत्येकाने स्वतःच्या नोंदींनुसार थोडे मागेपुढे करावेत, पण एकदा लिहिले की हंगामाच्या मध्यावर बदलू नयेत. नियम अमलात आणण्याचे काम नर्तकाकडेही नसावे आणि रचना बसवणाऱ्या प्रशिक्षकाकडेही नसावे. पालक, फिजिओथेरपिस्ट किंवा संघाचा व्यवस्थापक यांपैकी जो निकालात कमी गुंतलेला आहे त्याच्याकडे ते सोपवावे. जोडीने नाचणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच मान्य करून घ्यावी, की एकाचा नियम लागू झाला तर दोघांचा एकत्र सराव कमी होईल.

आधी इतर कारणे तपासावीत

अतिसरावाचे निदान इतर कारणे वगळूनच करावे लागते. लोहाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, ‘ड’ किंवा ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, रेंगाळलेला विषाणुसंसर्ग आणि नैराश्य यांची लक्षणे हुबेहूब अशीच दिसू शकतात. उचलण्याच्या हालचालीत, पडण्यात किंवा डोक्यावर तोलण्याच्या कसरतीत अलीकडे डोक्याला मार बसला असेल, आणि त्यानंतर डोकेदुखी, गोंधळ किंवा प्रकाश सहन न होणे सुरू झाले असेल, तर त्याला अतिसराव म्हणून घरी विश्रांती देत बसू नये; तो मेंदूचा आघात असू शकतो आणि त्याच दिवशी सराव थांबवून डॉक्टर गाठावा. एका बाजूची कमजोरी, पाऊल उचलता न येणे, बधिरता, दुहेरी दिसणे, शुद्ध हरपणे किंवा झटका येणे यांतही तीच घाई करावी.

नर्तकांमध्ये सर्वाधिक दुर्लक्षित राहणारे कारण म्हणजे अपुरे खाणे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली सापेक्ष ऊर्जा-कमतरतेची संकल्पना मांडली आणि २०२३ मध्ये तिची सुधारित मांडणी केली. सरावात खर्च होणारी ऊर्जा वजा जाता शरीराच्या चरबीविरहित वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे ४५ किलोकॅलरी उरल्या तर शरीराचा कारभार नीट चालतो. ३० च्या खाली दीर्घकाळ राहिल्यास संप्रेरके बिघडू लागतात, जरी ३० ही प्रत्येकाला लागू पडणारी काटेकोर सीमारेषा नाही. चरबीविरहित वजन ४० किलो असलेल्या आणि सरावात ७०० किलोकॅलरी खर्च करणाऱ्या नर्तिकेला ४५ चे प्रमाण राखायचे तर रोज सुमारे २५०० किलोकॅलरी लागतात, आणि अनेकींना हा आकडा ऐकूनच धक्का बसतो. मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे दोन टक्के असला तरी विश्रांतीच्या काळातील सुमारे २० टक्के ऊर्जा तोच वापरतो, त्यामुळे उपासमारीची झळ लक्ष, मनःस्थिती आणि झोप यांना लवकर लागते. तीन महिने पाळी न येणे हे उत्तम तयारीचे लक्षण नसून वैद्यकीय तपासणीचे कारण आहे. ज्यांना खाण्याविषयी भीती किंवा अपराधी भावना वाटते त्यांनी हे गणित एकट्याने करू नये, आहारतज्ज्ञासोबत करावे.

भार उतरवताना

भार कमी करायचा म्हणजे सगळेच सौम्य करायचे असे नाही. स्पर्धेपूर्वी भार उतरवण्याविषयीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००७ साली झाले, त्यात सुमारे दोन आठवडे सरावाचे प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी कमी करून तीव्रता मात्र कायम ठेवणे सर्वांत लाभदायक दिसले. नर्तकाच्या भाषेत सांगायचे तर पूर्ण रचना दिवसातून सहा वेळा करण्याऐवजी दोन-तीन वेळाच, पण पूर्ण ताकदीने करावी. हा उपाय ठणठणीत पण दमलेल्या नर्तकासाठी आहे. ज्याच्या नोंदी आठवडेच्या आठवडे बिघडलेल्या आहेत त्याची तीव्रताही खाली आणावी लागते.

पूर्ण ताकदीच्या फेऱ्यांच्या मधल्या वेळात हालचाली फक्त खुणेने, हातांनी किंवा लहान पावलांनी करून पाहाव्यात. बॅले शिकणाऱ्यांवरील २०१३ सालच्या एका अभ्यासात खुणेने सराव केलेल्या भागांचे सादरीकरण पूर्ण ताकदीने सराव केलेल्या भागांपेक्षा सरस ठरले. शरीर जोर लावण्यात गुंतलेले नसल्याने मेंदूला क्रम आणि बारकावे बसवायला जागा मिळते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. खुणेने सराव करणाऱ्याला आळशी ठरवणाऱ्या प्रशिक्षकांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

झोपेत मेंदू दिवसा शिकलेल्या हालचाली पक्क्या करतो. बोटांनी ठरावीक क्रम टंकित करण्याच्या २००२ सालच्या एका प्रयोगात रात्रीच्या झोपेनंतर वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला, तितकेच तास जागे राहून मात्र लक्षणीय वाढ झाली नाही. आणि या सुधारणेचा संबंध रात्रीच्या शेवटच्या प्रहरातील झोपेच्या एका टप्प्याशी दिसला. रात्री उशिरा नवी रचना बसवायची आणि पहाटे पाचला तिची उजळणी करायची, ही पद्धत म्हणूनच दुहेरी नुकसानीची वाटते. प्रौढांना किमान सात तास आणि १३ ते १८ वयोगटाला आठ ते दहा तास झोप हवी. कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा संध्याकाळच्या तालमीसाठी घेतलेली कॉफी मध्यरात्रीही जागीच असते. सुट्टीच्या दिवशी प्रतिस्पर्ध्यांच्या चित्रफिती तासन्‌तास पाहणेही मेंदूसाठी सरावच आहे. तो दिवस नोंदवहीत सुट्टी म्हणून लिहू नये.

पुन्हा सुरुवात करताना

नोंदी सलग एक आठवडा पूर्वपदावर राहिल्या की आधी सरावाचे दिवस वाढवावेत, मग मिनिटे आणि सर्वांत शेवटी काठिण्य. सुरुवात अर्ध्या वेळेने आणि जुन्या, पाठ असलेल्या रचनेने करावी. नवी रचना पहिल्या दोन आठवड्यांत बसवायला घेऊ नये, कारण शिकण्याचा भार शरीराच्या भाराहून वेगळा मोजता येत नाही आणि दोन्ही एकदम वाढवले तर बिघाड कशाने झाला हे कळत नाही. अनेक जोरदार गिरक्या आणि उचलण्याच्या हालचाली तोलाची चाचणी दोन्ही पायांवर नेहमीच्या आकड्याला पोहोचल्यावरच घ्याव्यात. विश्रांतीने तयारी मातीमोल होईल ही भीती या काळात हमखास वाटते. व्यावसायिक बॅले नर्तिकांवरील १९९९ सालच्या अभ्यासात हंगामानंतरच्या काही आठवड्यांच्या सुट्टीअखेर त्यांची ताकद, लवचिकता आणि दम घटण्याऐवजी वाढलेला आढळला होता. नोंदी परत बिघडल्या तर एक पायरी मागे यावे, तेथे चार-पाच दिवस थांबावे आणि मगच पुढची वाढ करावी. स्पर्धेची तारीख त्यात बसत नसेल तर नावनोंदणी मागे घेण्याचे पत्र थांबण्याचा नियम ज्याच्याकडे सोपवला आहे त्या तिसऱ्या व्यक्तीने लिहावे, नर्तकाने नव्हे.